विडी कामगार बायकांना विचारून ठरवा: तंबाखू नियंत्रण परिषदेतल्या भारतीय प्रतिनिधींना खुले पत्र

प्रति,
भारतीय प्रतिनिधी मंडळ,
जागतिक तंबाखू नियंत्रण करार परिषद,
द्वारा : केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालय, नवी दिल्ली.

स. न. वि. वि.

२०२५ सालच्या शेवटच्या काही महिन्यांत सोलापूरच्या विडी कामगार बायकांच्या पोटाशी संबंध असलेल्या तीन गोष्टी घडल्या. सप्टेंबरात जीएसटी परिषदेने विडीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणायचे ठरवले आणि तेंदूपानावरचा १८ वरून ५ वर आणला. १७ ते २२ नोव्हेंबर या दिवसांत जिनिव्हाला तुमच्या कराराची अकरावी परिषद भरली. ती चालू असतानाच, २१ नोव्हेंबरला, दिल्लीने चार कामगार संहिता लागू केल्या आणि १९६६चा विडी व सिगार कामगार कायदा त्यांतल्या एका संहितेत विरघळून गेला. एका निर्णयाने विडीवरचा कर उतरला, दुसरीकडे तंबाखूचा वापर संपवण्याची चर्चा चालली होती आणि तिसऱ्याने विडी वळणारीच्या हक्कांची चौकटच बदलली. एकाच सरकारचे तीन हात तीन दिशांना. यातल्या कुठल्याही हाताने आमच्या पूर्व भागातल्या एखाद्या बाईला थांबवून ‘बाई, तुमचं काय म्हणणं आहे?’ असे विचारले नाही.

अर्थ खात्याला आणि कामगार खात्याला सोलापुरातून निवेदने जातच असतात. तुम्हाला सहसा कुणी लिहीत नाही, कारण आरोग्यवाल्यांशी आपले काय काम असे इथे सगळ्यांना वाटते. मी तुम्हालाच लिहिते आहे, कारण या तिघांपैकी तुमच्या कराराच्या शिफारशींतच या बायकांना विचारा असे लेखी सांगितलेले आहे. त्याकडे पुढे येतेच.

मी या शहरातल्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाले. लोकशाही, मानवी हक्क, जागतिक न्याय, स्त्रीवाद ही प्रकरणे फळ्यावर लिहून शिकवली. समोर बसलेल्या कितीतरी मुली घरी जाऊन आईच्या सुपातल्या विड्या वळायला बसत असत. फी त्यातूनच भरली जायची. त्यामुळे मला हे विषय परीक्षेपुरते ठेवता आले नाहीत.

एक गोष्ट आधीच मोकळी करते. हे पत्र विडीची वकिली करायला लिहिलेले नाही. तंबाखूमुळे आपल्या देशात दरवर्षी तेरा लाखांहून जास्त माणसे मरतात. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी ७.७ टक्के लोक विडी ओढणारे निघाले, आणि ती ओढणारा बहुतेक वेळा गरीबच असतो. वळणारीचेही हाल कमी नाहीत. दिवसभर मान खाली, पाठ वाकलेली, नाकातोंडात तंबाखूची धूळ, मांडीवरच्या सुपाशेजारी रांगणारे मूल. ‘पोरीला हे काम लावणार का?’ असे विचारा. शंभरातली एखादीच हो म्हणेल. तेव्हा विडी कधीतरी जावी, हे तुम्हाला वाटते तसे त्यांनाही वाटते. ती कधी जावी, कशी जावी आणि तिच्या जागी काय यावे, हे मात्र आजवर त्यांना सोडून बाकी सगळ्यांनी ठरवले आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की हे ठरवण्यात त्यांचा वाटा असला पाहिजे, आणि तो मेहेरबानी म्हणून नव्हे.

तुमच्यापैकी काहींनी हे काम जवळून पाहिलेले नसेल. कारखान्यातून तेंदूपान, तंबाखू आणि दोरा वजनावर मिळतो. कारखाना म्हणजे मशीन असलेली जागा नव्हे. माल द्यायची-घ्यायची जागा. पान घरी आणून भिजवायचे, फडक्यात गुंडाळून ठेवायचे, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचे, तंबाखू भरून वळायचे, दोरा बांधायचा, तोंड मिटवायचे. दर हजाराचा. पान फाटके निघाले, कमी पडले, तर हजाराचा हिशेब तिने पुरा करायचा, प्रसंगी पदरचे पैसे घालून पान विकत घेऊन. दुसऱ्या दिवशी रांगेत उभे राहून माल द्यायचा आणि तपासणारा काही विड्या बाजूला काढेल, त्यांचे पैसे नाहीत. नापास विडी तिला परत मिळतेच असेही नाही. मग ती जाते कुठे, हा प्रश्न रांगेत पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो आहे, हळू आवाजात.

याच बाजूला काढलेल्या विड्यांवरून सर्वोच्च न्यायालयाने १९८५मध्ये एक मोठी गोष्ट सांगितली. पी. एम. पटेल आणि सन्स विरुद्ध भारत सरकार या खटल्यात मालकांचे म्हणणे होते की घरी बसून विड्या वळणारी बाई आमची कामगार नाही, तिच्यावर आमची देखरेखच नाही. न्यायालयाने ते मानले नाही. माल नापास करण्याचा अधिकार तुमच्या हाती आहे, तर नियंत्रणही तुमचेच, असे धरून घरी काम करणाऱ्या बाईला भविष्य निर्वाह निधीच्या कायद्यात कामगार म्हणून जागा दिली. मला हा निकाल अनेक पुस्तकांपेक्षा मोलाचा वाटतो. ज्याला नाही म्हणायचा अधिकार आहे तो मालक, हे त्यात उघड झाले. आणि जिला नाही म्हणायची सोयच नाही ती कोण, हेही.

घरात काम करणारी बाई ‘कामगार’ म्हणून दिसत नाही, हा अनुभव सोलापूरपुरता नाही. जर्मन अभ्यासक मारिया मीस यांनी आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांचा अभ्यास केला. तो १९८२मध्ये प्रसिद्ध झाला. त्या बायकांची लेस परदेशी बाजारात जायची, व्यापारी निर्यातदार म्हणून मोठे व्हायचे, आणि घरातली बाई मात्र ‘रिकाम्या वेळात काहीतरी करते’ अशीच राहायची. बाईला गृहिणी ठरवले की तिची मजुरी आपोआप पडते, हे मीस यांनी दाखवून दिले. मुंबईत जन्मलेल्या चंद्रा तळपदे मोहंती यांनी पुढे पाश्चात्त्य स्त्रीवादी लेखनावर सडकून टीका केली, की ‘तिसऱ्या जगातली स्त्री’ नावाची एकच बिचारी बाई तुम्ही कागदावर तयार करता. त्याच टीकेत मीस यांच्या नरसापूरच्या अभ्यासाला मात्र त्यांनी चांगल्या अभ्यासाचा नमुना मानले, कारण तो विशिष्ट गावातल्या, विशिष्ट कामातल्या, विशिष्ट बायकांबद्दल होता.

आमच्याकडेही असेच व्हायला हवे. सोलापूरची विडी कामगार म्हणजे एकच चेहरा नव्हे. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली घरातली सून आहे, मुसलमान घरातली विधवा आहे, मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या आहेत. बऱ्याच घरांत नवरा यंत्रमागावर, बायको विडीवर. चादर-टॉवेलचा धंदा बसला की चूल तिच्यावर. ‘त्यांच्यात बायकाच कमावतात, पद्धतच आहे’ असे शहरातले शहाणे लोक म्हणतात. ॲलिसन जॅगर या तत्त्वज्ञ बाईंनी अशा बोलण्याला चांगला लगाम घातला आहे: गरीब देशांतल्या बाईचे दुःख तिच्या रूढींच्या खात्यावर टाकले की बाजार, कर, करार आणि व्यापार हे सगळे अलगद सुटतात. रूढींना मी सोडा म्हणत नाही. पण सोलापुरातल्या बाईच्या मजुरीचा हिशेब करताना दिल्ली आणि जिनिव्हा वगळून चालत नाही.

आता तुमच्या करारावर येते. २००३मध्ये जागतिक आरोग्य सभेने तो स्वीकारला, २००४मध्ये भारताने त्याला मान्यता दिली आणि २००५पासून तो अमलात आहे. आज एकशे ऐंशीहून अधिक देश त्यात आहेत. त्यातले १७वे कलम तंबाखूचे शेतकरी, कामगार आणि किरकोळ विक्रेते यांना परवडेल असा पर्यायी रोजगार मिळवून देण्याबद्दल आहे. २०१४च्या मॉस्को परिषदेत या कलमाच्या अंमलबजावणीसाठी शिफारशी मंजूर झाल्या. त्यात एक तत्त्व असे आहे की शेतकऱ्यांना आणि कामगारांना या धोरणांच्या आखणीत सामील करून घ्यावे, मात्र ५.३ कलमाची मर्यादा सांभाळून. ५.३ म्हणजे तंबाखू कंपन्यांच्या हितसंबंधांपासून आरोग्य धोरण दूर ठेवण्याचे कलम.

घोळ नेमका इथे होतो. पाकिटावर ८५ टक्के जागेत इशारा छापायचा नियम २०१६मध्ये अमलात आला, तेव्हा विडी धंद्याकडून पहिला आवाज कामगारांच्या नावाने निघाला. लाखो बायकांच्या चुली विझतील, असे. त्या आवाजात बायकांची चिंता खरीच होती, पण ध्वनिक्षेपक दुसऱ्याच्या हातात होता. कारखानदार मजुरीचा दर वाढवायच्या वेळी ज्या बायकांना ओळखत नाही, त्याच बायकांना आरोग्य खात्यापुढे ढाल म्हणून उभे करतो. आणि तुम्ही ढालीकडे पाहता, तेव्हा तुम्हाला मागचा कारखानदारच दिसतो. मग तुम्ही ढालीशीही बोलत नाही. ५.३ कलम कंपनीला दाराबाहेर ठेवण्यासाठी होते. त्याच दारात या बायकाही अडकल्या. दोन्ही बाजूंनी त्यांच्याबद्दल बोलणारे पुष्कळ. तत्त्वज्ञ लिंडा आल्कॉफ यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच हा प्रश्न तत्त्वज्ञानात नीट मांडला होता: दुसऱ्याच्या वतीने बोलणारा कुठून बोलतो, आणि त्याच्या बोलण्याने त्या दुसऱ्याचे काय होते, हे तपासल्याशिवाय त्याची सदिच्छा धरून चालता येत नाही. कारखानदाराची सदिच्छा धरायचा प्रश्नच नाही. तुमची मी धरते. तरीही तपासणी तुम्हाला चुकत नाही.

कंपनी आणि कामगार यांना वेगळे काढणे खरोखर इतके अवघड आहे का? न्यायालयाने १९८५मध्ये ते करून दाखवले. विडी नापास करायचा अधिकार कुणाकडे आहे ते पाहा; नफा कुणाच्या खात्यात जातो ते पाहा. ज्या बाईकडे ओळखपत्र आहे, मजुरीचे पुस्तक आहे, आणि जी आजही हजाराच्या दराने काम करते, ती हितसंबंधी कंपनी नव्हे. तिचा हितसंबंध पोटाचा आहे. तो असायलाच हवा. पोटाचा संबंध नसलेल्या माणसाला तिथे बोलावून उपयोग काय?

अमेरिकी तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझर यांची मांडणी मला इथे फार उपयोगी पडते. त्या म्हणतात, न्यायाचे तीन पदर आहेत: संपत्तीची वाटणी, माणूस म्हणून मान, आणि प्रतिनिधित्व. तिसरा पदर त्यांनी नंतर जोडला, कारण जागतिकीकरणात एक नवाच अन्याय दिसू लागला. प्रश्न कुणाचा आणि तो कुठे सोडवायचा, याची चौकटच चुकीची आखली जाते आणि काही माणसे चौकटीबाहेर पडतात. त्यांना उत्तर वाईट मिळते असे नाही. त्यांना प्रश्न विचारायची जागाच नसते. आधी त्या म्हणत होत्या की निर्णयाचा परिणाम ज्यांच्यावर होतो त्या सगळ्यांना बोलायचा हक्क हवा. मग २००८च्या पुस्तकात त्यांनी ते घट्ट केले: परिणाम तर जगातल्या प्रत्येक गोष्टीचा प्रत्येकावर होतो, म्हणून ज्या शासनव्यवस्थेच्या नियमांखाली माणूस प्रत्यक्ष नांदतो, तिच्यात त्याचा वाटा हवा. आता सोलापूरच्या बाईला हे लावून पाहा. ती महापालिकेला मत देते, विधानसभेला देते, लोकसभेला देते. तिच्या कामाचे भवितव्य मात्र एका आंतरराष्ट्रीय परिषदेत, एका कर परिषदेत आणि एका कंत्राटदाराच्या ओट्यावर ठरते. या तिन्ही ठिकाणी तिला मत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ला बाबासाहेबांनी घटना समितीत बजावले होते की राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण पाऊल टाकतो आहोत. त्या भाषणानंतर पाऊण शतक उलटून गेले, आणि विसंगतीने आता पासपोर्टही काढला आहे.

(सोलापूरच्या कुठल्याही भाषणात या जागी १९३०चा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे येतात. त्यांना मी मनापासून नमस्कार करते आणि पुढे जाते. त्यांच्या नावावर आपण फार दिवस उधारी चालवली आहे.)

विडीच्या प्रवासाचे दुसरे टोक पाहिले की मला गंमत वाटते, आणि थोडा रागही येतो. तेंदूपान येते जंगलातून; आपल्या राज्यात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडून. उन्हाळ्यात भल्या पहाटे पान तोडायला आदिवासी बायका जातात. पण तिथे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदा आहे, २००६चा वनहक्क कायदा आहे, आणि त्यात तेंदूपान हे गौण वनोपज म्हणून नावानिशी नोंदलेले आहे. त्या बळावर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभांनी पानाची विक्री स्वतःच्या हाती घेतली. मेंढा लेखा गावाची ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तुम्ही ऐकली असेल. तिथे सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. ठेकेदार तिथेही पैसे अडकवतात, बायकांना ग्रामसभेत बोलायला तिथेही झगडावे लागते. तरी पान विकायचे की नाही, कुणाला, किती दराने, यावर गाव गोल बसून बोलू शकते. तेच पान सोलापुरात येऊन भिजले की त्याच्यावरची लोकशाही धुऊन निघते. ते कापणारीला कुठलीही सभा नाही. शहरात राहते म्हणून तिला ग्रामसभा नाही, घरात काम करते म्हणून तिला कारखान्याची समिती नाही. पानाला जो हक्क मिळाला तो ते वळणाऱ्या बोटांना का मिळू नये, याचे उत्तर मला कुठल्याच सिद्धांतात सापडलेले नाही.

हक्क आणि दया यांतला फरक या बायकांनी अलीकडेच अनुभवला. १९७६च्या कायद्यांखाली प्रत्येक हजार विड्यांवर उपकर घेतला जायचा आणि त्या पैशातून कल्याण निधी चालायचा: मुलांच्या शिष्यवृत्त्या, दवाखाने, घरांसाठी मदत. २०१७मध्ये जीएसटी आला आणि उपकर गेला. योजना बंद झाल्या नाहीत, पण आता त्या अंदाजपत्रकाच्या कृपेवर आहेत. आधी प्रत्येक विडीमागे तिच्या वळणारीचे काहीतरी बाजूला पडत होते. आता दरवर्षी कुणीतरी ठरवते, द्यायचे की नाही आणि किती. २०२५च्या सप्टेंबरात कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणायचे ठरले, तेव्हा त्यातला एक पैसा तरी मजुरीत यावा अशी अट कुणी घातली नाही. आमच्या गल्लीतली एक मावशी म्हणाली, ‘टीचर, टीव्हीवर म्हणाले आमचा फायदा झाला. कारखान्यात विचारलं तर म्हणतात, टीव्हीवाल्याकडून घे.’

मग जबाबदारी कुणाची? अमेरिकी तत्त्वज्ञ आयरिस मॅरियन यंग यांनी आयुष्याची शेवटची वर्षे या प्रश्नावर घालवली. २००६मध्ये त्या गेल्या. त्यांचे त्यावरचे पुस्तक २०११मध्ये निघाले. परदेशी ब्रँडचे कपडे शिवणाऱ्या कामगारांचे उदाहरण घेऊन त्यांनी दाखवले की अशा अन्यायात एकच गुन्हेगार पकडून बाकीच्यांनी हात झटकणे जमत नाही. हजारो माणसे आपापले रोजचे, कायदेशीर व्यवहार करतात आणि त्यातून एक अशी रचना तयार होते, की जिच्यात काही माणसांना पर्यायच उरत नाही. म्हणून मागे कोण चुकले याहून पुढे कुणी काय करायचे, हे त्यांना महत्त्वाचे वाटते. ज्याच्याकडे सत्ता जास्त, ज्याला त्या रचनेतून लाभ जास्त, ज्याच्या हाताशी संघटना आहे, त्याची जबाबदारी मोठी. या मापाने कारखानदार पहिला. पण तुम्हीही सुटत नाही, कारण धोरणाची लेखणी तुमच्याकडे आहे. जगाला सिगारेटची सवय लावून श्रीमंत झालेले देशही सुटत नाहीत. करारातल्या २६व्या कलमात पैशाच्या तरतुदीची आणि परस्पर मदतीची भाषा आहे, ती काही फक्त जाहिरातबंदीसाठी लिहिलेली नाही. विडी बंद करून जगाचे आरोग्य सुधारणार असेल, तर तिची किंमत जगाने वाटून घ्यावी. ती एकट्या दत्तनगरातल्या किंवा कुंभारीतल्या बाईच्या रोजातून वळती करून घेणे याला मी तरी जागतिक न्याय म्हणणार नाही.

पर्यायी रोजगाराचे सांगते, कारण १७व्या कलमाचा सगळा जीव त्यात आहे. पर्याय म्हटले की इथे डोळ्यांपुढे येते शिलाई मशीन. प्रशिक्षण, प्रमाणपत्र, फोटो. सोलापुरात गणवेश शिवण्याचा मोठा धंदा आहे, टॉवेलच्या कडा शिवून पॅकिंग करायचे काम आहे, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बनवून देणाऱ्या घरोघरी आहेत. यातले काहीही मला नको नाही. पण नीट बघा: गणवेशाचा दर नगावर, टॉवेलचा डझनावर, भाकरीचा शेकड्यावर. काम घरी, माल दुसऱ्याचा, नापास करणारा दुसरा, सुट्टी नाही, बाळंतपणात मजुरी नाही. १९२८मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना आंबेडकरांनी म्हटले होते की बाईच्या कामाचा फायदा मालक घेतो, तर तिच्या विश्रांतीचा काही भार त्यानेही उचलावा. शंभर वर्षे होत आली. विडी जाऊन टॉवेल आला आणि बाकी सगळे तसेच राहिले, तर तंबाखूची धूळ तेवढी जाईल, आणि तेही काही कमी नाही. पण उलट एक तोटा होईल, जो दिल्लीतून दिसत नाही. विडीवाल्या बाईकडे आज ओळखपत्र आहे, फंड आहे, पेन्शन आहे, मग ती हजार रुपयांच्या आसपासची का असेना. अनेक वर्षांच्या मोर्च्यांतून आणि खटल्यांतून हे मिळाले. भाकरी लाटणारीकडे यातले काहीच नाही. म्हणजे आरोग्याच्या नावाने तुम्ही तिला एका वाईट कामातून काढून हक्क नसलेल्या कामात ढकलाल. पर्याय परवडणारा आहे की नाही हे वस्तू बदलण्यावर नाही, तिचे मालकाशी असलेले नाते बदलते की नाही यावर ठरते. घरी काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला. अहमदाबादच्या ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेचा त्यात मोठा वाटा होता. त्या कराराला भारताने अजून मान्यता दिलेली नाही. तंबाखूचा करार सही करून वीस वर्षे झाली, आणि ज्या करारामुळे पर्यायी काम परवडण्याजोगे झाले असते तो तसाच पडून आहे. ही दोन कागदपत्रे दोन मंत्रालयांत असतील. बाई एकच आहे.

या बायकांना सभेत बसून बोलता येईल का, अशी शंका तुमच्यापैकी कुणाला येत असेल, तर कुंभारीला या. तिथे गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत उभी आहे. जवळच असंघटित कामगारांचे रे नगर आहे. तीस हजार घरांची योजना, त्यातली पंधरा हजार जानेवारी २०२४मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. श्रेय कुणाचे यावर सोलापुरात अजून भांडणे होतात. पण सहकारी संस्था करायची, हप्ता भरायचा, बँकेत कर्जाच्या कागदावर सही करायची, पाण्यासाठी कलेक्टर कचेरीसमोर बसायचे, हे सगळे ज्या बायकांनी केले, त्यांना तुमच्या परिषदेचा मसुदा समजावून सांगितला तर समजेल. तेलुगूत सांगा म्हणजे झाले.

मात्र त्या तुमच्यासारख्या बोलणार नाहीत. ‘मुद्द्याचं बोला’ हे वाक्य मी अधिकाऱ्यांच्या तोंडून बायकांच्या सभेत इतक्या वेळा ऐकले आहे, की ते एखाद्या कलमासारखे वाटू लागले आहे. यंग यांनीच २०००मध्ये लिहिले आहे की लोकशाहीतली चर्चा म्हणजे केवळ थंड युक्तिवाद नव्हे. अभिवादन, आवेश आणि स्वतःची गोष्ट सांगणे हीदेखील राजकीय बोलण्याची रीतसर रूपे आहेत. जी बाई आधी नवऱ्याच्या आजाराचे सांगेल, मग तपासणाऱ्याला शिव्या देईल, मग रडेल, आणि मग म्हणेल की ‘बंद करायचं तर करा, पण कधी ते सांगा, लग्नाची तारीखसुद्धा सहा महिने आधी धरतात’, तिने धोरणाची मुदत, भरपाई आणि पूर्वसूचना हे तीनही मुद्दे मांडलेले असतात. टिपून घेणारा हवा.

म्हणून मागणे असे आहे. पुढच्या परिषदेत भारताने १७व्या कलमावर काय म्हणायचे, हे ठरवण्याआधी सोलापुरात विडी कामगार बायकांची जाहीर सुनावणी घ्या. सिन्नरला, निपाणीला, तेलंगणात, बंगालातही घ्या. पण सोलापूर चुकवू नका. त्या सुनावणीतून बायकांनी स्वतः निवडलेल्या काही जणींना प्रतिनिधी मंडळात घ्या, पूर्ण सदस्य म्हणून, आणि दुभाषी सरकारने द्यावा. त्या कंपनीच्या यादीतून नकोत, ठेकेदाराच्या नकोत, आणि थोडे स्पष्ट बोलायचे तर संघटनेच्या पुरुष नेत्यांच्या शिफारशीनेही नकोत. या नेत्यांनी बायकांसाठी खूप केले आहे, हे मान्य आहे. आता बायकांच्या जागेवर बायकाच बसू देत. त्यांनी बाहेर जाऊन ‘विडी चालूच राहू द्या’ म्हटले, तर तेही नोंदवून घ्या. तुम्हाला आवडेल तेच बोलणाऱ्यांना नेणार असाल, तर विमानाचे तिकीट वाया घालवू नका. सुनावणीत निघालेल्या प्रत्येक मागणीला मंत्रालयाने लेखी उत्तर द्यावे, हो की नाही आणि का. नाही म्हटले तरी चालेल. कारण सांगून नकार मिळणे हेही इथल्या बायकांच्या वाट्याला आजवर क्वचितच आले आहे.

आता सोयीचे. सुनावणी सकाळी ठेवू नका. तेव्हा माल द्यायची रांग असते आणि रांग सोडून आलेल्या बाईचा दिवस बुडतो. दुपारनंतर ठेवा, आणि जी येईल तिला हजार विड्यांची मजुरी भरून द्या, मेहेरबानी म्हणून नव्हे, तर सरकारी कामासाठी आलेल्या कुठल्याही साक्षीदाराला भत्ता मिळतो तसा. जागा नियोजन भवनात नको, कुंभारीच्या विडी घरकुलाकडे घ्या. रिक्षाचे पैसे वाचतील. कागद मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत आधी आठ दिवस पोचवा. लहान मुलांना सांभाळायला दोन अंगणवाडीताई ठेवा, नाहीतर निम्म्या जणी अर्ध्यातून उठून जातील. सणावाराचे दिवस टाळा. मे महिन्यात तर येऊच नका. पत्र्याखाली तुम्ही टिकणार नाही.

कळावे,
आपली,
पूर्व भागात राहणारी एक निवृत्त प्राध्यापिका,
सोलापूर